रिकामं हॉस्टेल मिळतंय, थ्रिलर काढावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिल्ममेकिंग शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा एक ग्रुप आहे. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं जुनं हॉस्टेल रिकामं पडतं, रेक्टर ओळखीचे आहेत, कॅमेरा घरचाच आहे. तिथे दीड तासाचा थ्रिलर काढायचा विचार आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं की अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी अगदी हाच उद्योग केला होता, सिनेमाचं नाव 'द डॉर्म दॅट ड्रिप्ड ब्लड'. तो बघावा का, आणि त्यातून काय उचलावं?

जरूर बघा. पण दोनदा. एकदा सगळे मिळून, चहा-भजी घेऊन, हसत-किंचाळत. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून आणि वही घेऊन. सिनेमा थोर नाही, हे आधीच सांगतो. मधली पंचवीस-तीस मिनिटं तर अशी रेंगाळतात की माझ्यासारख्या संकलकाचे हात शिवशिवायला लागतात. तरीही तुमच्यासारख्यांनी अभ्यासावा असा तो आहे, कारण त्या पोरांकडे जे होतं तेच त्यांनी गोष्टीत घातलं आणि जे नव्हतं त्याची गोष्टीला गरजच पडू दिली नाही. कमी पैशाच्या थ्रिलरबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. खाली जे लांबण लावतोय ते हे प्रत्यक्षात कसं करायचं याबद्दल आहे.

आधी तो काळ लक्षात घ्या. 1978 मध्ये 'हॅलोविन' आला. सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये काढलेला सिनेमा, आणि त्याने कित्येक पट पैसा खेचला. 1980 च्या मे महिन्यात 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, साडेपाच लाखांच्या घरातला, आणि तो पॅरामाउंटसारख्या मोठ्या कंपनीने लावला. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या प्रत्येक फिल्म स्कूलच्या कँटीनमध्ये काय चर्चा चालली असेल ते ओळखायला ज्योतिषी नको. स्टार नको, सेट नको, पाच-सात तरुण चेहरे, एक बंदिस्त जागा आणि एक खुनी. यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ, तिथले जेफ्री ओब्रो आणि स्टीफन कार्पेंटर हे दोन विद्यार्थी त्याच लाटेत उतरले. ('हॅलोविन'चा कार्पेंटर जॉन, हा स्टीफन. आडनावावरून गोंधळू नका.) 1980 च्या नाताळच्या सुट्टीत, विद्यापीठाचा परिसर ओस पडलेला असताना त्यांनी शूटिंग उरकलं. सिनेमा लोकांपुढे आला 1982 मध्ये. दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं आणि कॅमेराही कार्पेंटरनेच सांभाळला.

आता गोष्ट. शेवटासकट सांगणार आहे, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय या सिनेमाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ज्यांना कोरं राहून बघायचंय त्यांनी आधी बघून यावं.

मॉर्गन मेडोज हॉल नावाचं एक जुनं वसतिगृह बंद होणार आहे. नाताळच्या सुट्टीत काही विद्यार्थी मागे राहतात. काम काय, तर खोल्या रिकाम्या करायच्या, फर्निचर हलवायचं, मोजदाद करायची. जोअॅन या कामाची मुकादम. क्रेग, ब्रायन, पॅटी आणि डेबी तिच्या हाताखाली. आसपास जॉन हेमिट नावाचा एक विचित्र, गबाळा माणूस घुटमळत असतो. एकेक जण मारला जातो. सगळ्यांचा संशय अर्थातच हेमिटवर. शेवटी कळतं की खुनी क्रेग आहे, आपल्यातलाच, जोअॅनवर प्रेम असल्याचं सांगणारा. हेमिट तिला वाचवायला धडपडतो. पोलीस येतात, समोरचं दृश्य बघतात आणि चुकीच्या माणसाला गोळी घालतात. पोलिसांना काही कळायच्या आत क्रेग बेशुद्ध जोअॅनला इमारतीच्या कचरा जाळायच्या भट्टीत टाकतो. चिमणीतून धूर निघतो. संपलं.

ही गोष्ट कागदावर घ्या आणि शेजारी निर्मितीचा हिशोब मांडा. इमारत रिकामी का? गोष्टीतच सुट्टी आहे. खोल्यांत सामान अस्ताव्यस्त, भिंती उघड्या, पडदे नाहीत, हे का? इमारत खाली करतायत. म्हणजे कलादिग्दर्शनाचा खर्च जवळपास शून्य, आणि जे ओकंबोकं दिसतं तेच अंगावर येतं. माणसं मोजकी का? बाकीचे घरी गेलेत. मुलं रात्री तळघरात, स्वयंपाकघरात, गच्चीच्या जिन्यात का फिरतायत? कामच तसं आहे. थ्रिलरमध्ये 'हा मूर्ख तिकडे कशाला गेला?' हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आला की खेळ खलास. इथे तो फारसा येत नाही, कारण टेबलं उचलायला कुणीतरी जायलाच हवं.

डेबीचं बघा. ही भूमिका डॅफ्नी झुनिगाने केली आहे, पुढे 'स्पेसबॉल्स' आणि 'मेलरोझ प्लेस'मध्ये दिसलेली तीच. तेव्हा ती विद्यार्थिनी होती आणि हा तिचा पहिला सिनेमा. डेबीचे आईवडील तिला न्यायला येतात आणि तिघांचाही लवकरच निकाल लागतो. बाकीच्यांना वाटतं की ती घरी गेली. संकलक म्हणून मला ही युक्ती फार आवडते. प्रेक्षकाला खून माहीत आहे, पात्रांना नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक साध्या दृश्यावर आपोआप ताण चढतो. आणि निर्मात्याच्या बाजूने बघाल तर एक कलाकार अर्ध्या शेड्यूलमध्ये मोकळा. तुमच्या ग्रुपमध्ये ज्याला सुट्टीतच नोकरीच्या मुलाखती आहेत किंवा घरी बहिणीचं लग्न आहे, त्याला आधी मारा. विनोद नाही करत. मारण्याचा क्रम लिहिताना प्रत्येकाच्या मोकळ्या तारखा शेजारी ठेवा.

आणि तो शेवट. 1980 च्या सुमाराचे बहुतेक थ्रिलर शेवटी एका मुलीला वाचवतात. ती रक्ताळलेली, थरथरणारी, पण जिवंत बाहेर येते. इथे नायिका भट्टीत जाते, निरपराध माणूस पोलिसांच्या गोळीने मरतो आणि खुनी मोकळा राहतो. इतका काळाकुट्ट शेवट मोठ्या कंपनीने विद्यार्थ्यांना करू दिला असता असं मला वाटत नाही. खोलीत बसून 'अहो, थोडं सॉफ्ट करा ना' म्हणणारं कुणी नसणं ही गरीब सिनेमाची एकमेव श्रीमंती असते. ती वापरा. मात्र हा शेवट फुकट मिळालेला नाही. हेमिटवर संशय जावा म्हणून पहिल्यापासून जी पेरणी केली आहे तिच्यामुळेच पोलिसांची गोळी पटते. आपणही त्याच्याबद्दल तीच चूक करत बसलेलो असतो. संशयाचा माणूस रंगवायला पैसे लागत नाहीत, पानं लागतात.

आता जिथे तो सिनेमा फसतो ते. एक, इमारतीचा नकाशा आपल्या डोक्यात बसत नाही. जिना कुठे, स्वयंपाकघर कुठल्या मजल्यावर, भट्टी कुठे, मुलं झोपतात त्या खोलीपासून ती किती लांब, काही पत्ता लागत नाही. त्यामुळे पाठलाग सुरू झाला की पात्र फक्त एका कॉरिडॉरमधून दुसऱ्या कॉरिडॉरमध्ये पळताना दिसतं. खुनी जवळ आला की लांब गेला हेच न कळल्यावर भीती कशाची वाटणार? तुम्ही पहिल्या पंधरा मिनिटांत, दिवसाउजेडी, सगळे हसत-खिदळत असताना प्रेक्षकाला सगळं हॉस्टेल फिरवून आणा. नवीन आलेल्या मुलीला कुणीतरी जागा दाखवतंय एवढं निमित्त पुरे. मेसचं दार आतून लागत नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची कडी सैल आहे, मागच्या जिन्याला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडे. हे तीन तपशील दिवसा सहज बोलण्यात आले की रात्री तुम्हाला संवादाची गरज नाही. कॅमेरा नुसता त्या सैल कडीवर नेला तरी थिएटर गप्प होईल.

दोन, अंधार. हा मुद्दा मी जरा खोलात जाऊन सांगतो, कारण आजची मुलं इथेच मार खातात.

त्या काळी ईस्टमनची जी नेहमीची रंगीत निगेटिव्ह मिळायची तिची संवेदनशीलता (म्हणजे आजच्या कॅमेऱ्यातला आयएसओ; आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) होती 100. त्याहून जलद, 250 ची निगेटिव्ह 1982 मध्ये आली, म्हणजे यांचं शूटिंग होऊन गेल्यावर. 100 वर रात्रीचं दृश्य टिपायचं म्हणजे अंधार दाखवण्यासाठीच भरपूर दिवे लागतात. विद्यार्थ्यांकडे तेवढे दिवे कुठले? त्यामुळे जुन्या व्हिडिओ कॅसेटवर या सिनेमाची कित्येक दृश्यं म्हणजे नुसता काळा चिखल दिसायची. पुढे 2011 मध्ये अमेरिकेत ब्ल्यू-रे आली तेव्हा कुठे लोकांना कळलं की त्या काळोखात बरंच काही होतं.

तुमची अडचण बरोब्बर उलटी आहे. तुमचा कॅमेरा 3200 आयएसओवर आरामात चालतो आणि हॉस्टेलच्या एका ट्यूबलाइटमध्ये सगळं लख्ख दिसतं. लख्ख दिसतं म्हणूनच भीती वाटत नाही. चेहरा, भिंत, नोटीसबोर्ड, बादली, सगळ्यावर सारखाच पांढरा उजेड. सरकारी कचेरीत भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. तेव्हा पहिलं काम, दिवे बंद करा. कॉरिडॉरच्या पाच ट्यूबपैकी शेवटची एकच ठेवा. पात्र जवळ येताना आधी नुसती आकृती दिसेल, चेहरा शेवटच्या क्षणी. खोलीत टेबललॅम्प किंवा मोबाईलचा उजेड, आणि समोरच्या बाजूला काळं कापड टांगा, म्हणजे पांढऱ्या भिंतीवरून उजेड उसळून परत चेहऱ्यावर येणार नाही. हॉस्टेलच्या भिंती पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या असतात आणि त्या भिंतीच तुमच्या सगळ्यात मोठ्या शत्रू आहेत. लाइटमन लोकांकडे थर्माकोल असतो तो उजेड वाढवायला. तुम्हाला त्याच्यापेक्षा काळी चादर जास्त उपयोगी पडेल. पात्राच्या मागे कुठेतरी, फ्रेमच्या खोल टोकाला, उजेडाचा एक ठिपका ठेवा: अर्धं उघडं दार, रस्त्यावरचा दिवा पडलेली खिडकी. नुसत्या काळ्यापुढे काळं ठेवलं तर फोनवर बघणाऱ्याला काहीच दिसणार नाही, आणि तुमचा निम्मा प्रेक्षक फोनवरच असणार आहे.

याच ओघात एक तांत्रिक गोष्ट. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. 24 फ्रेमवर शूट करत असाल तर शटर 1/50 ठेवा. कॅमेऱ्यात शटर अंशात असेल तर 172.8. नाहीतर मॉनिटरवर न दिसलेला फ्लिकर संकलनाच्या टेबलावर दिसतो आणि मग वरातीमागून घोडं. स्वस्तातले काही एलईडी बल्ब तर कुठल्याच शटरला दाद देत नाहीत. ते आधीच तपासून बदलून टाका.

आवाजाबद्दल. तुम्ही दिवाळीची सुट्टी म्हणताय. अहो, फटाके! रात्री दहानंतर बंदी आहे हे कागदावर ठीक, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठल्याही गावात जाऊन बघा. दबक्या आवाजातला संवाद चाललाय आणि मागे लवंगी माळ. हा आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने साफ निघत नाही, आणि कट केला की मागची माळ मधेच तुटते. दोन मार्ग आहेत. सुट्टीतले ते चार-पाच दिवस सोडून शेड्यूल लावा, म्हणजे भाऊबीज उरकून सगळे परत येतील आणि तुमच्या आयाही शिव्या घालणार नाहीत. किंवा त्या दिवसांत फक्त बिनसंवादाची दृश्यं घ्या: चालणं, शोधणं, लपणं, हाताचे क्लोजअप. त्यांचा आवाज नंतर करता येतो. तिसराही मार्ग आहे. फटाके गोष्टीतच घ्या. बाहेर आतषबाजी चालली आहे आणि आत कुणाची किंकाळी कुणालाच ऐकू जात नाही. नाताळातल्या त्या रिकाम्या वसतिगृहाचं आपल्या मातीतलं रूप हेच, आणि इथे शांततेऐवजी गोंगाट तुमच्या कामाला येतो. मी तुमच्या जागी असतो तर हाच मार्ग धरला असता.

मे महिन्याची सुट्टी घेतलीत तर फटाके नाहीत, पण पंखे आहेत. टेकच्या वेळी पंखा बंद करावाच लागतो, आणि बंद खोलीत चाळीस डिग्रीत पंधरा माणसं म्हणजे तिसऱ्या टेकला अभिनय नाही, घाम दिसतो. काहीही करा, प्रत्येक खोलीचा निव्वळ रिकामा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करायचा. सगळे गप्प, मोबाईल बंद, कुणी खुर्चीसुद्धा करकरवायची नाही. हे मिनिट संकलकाला सोन्यासारखं असतं. पैसे एकाच माणसावर खर्च करायची ऐपत असेल तर कॅमेरा असिस्टंटवर नाही, साउंड रेकॉर्डिस्टवर करा.

संगीताच्या बाबतीत ओब्रो-कार्पेंटर यांचं नशीब जोरदार होतं. ख्रिस्तोफर यंग हा तेव्हा तिथेच शिकणारा तरुण संगीतकार. त्याचं हे पहिलं पूर्ण लांबीचं काम. पुढे त्याने 'हेलरेझर'ला आणि 'स्पायडर-मॅन 3'ला संगीत दिलं. त्या वेळी बऱ्याच स्वस्त थ्रिलरना एकट्या सिंथेसायझरवर भागवलेलं संगीत असायचं. याने तंतुवाद्यांवर भर दिला आणि सिनेमा आहे त्यापेक्षा महागडा वाटायला लागला. तुमच्या शहरात संगीत शिकणारी मुलं आहेतच की. व्हायोलिन, सारंगी, चेलो, जे असेल ते. त्यांनाही पहिलं काम हवंच असतं. इंटरनेटवरचं 'फुकट' संगीत वापरायच्या आधी त्याच्या परवान्यातल्या अटी शब्दन् शब्द वाचा. फेस्टिव्हलला निवड झाल्यावर हक्कांचा वाद निघाला की हातातोंडाशी आलेला घास जातो.

मेकअपचंही तेच. मॅथ्यू मंगल नावाचा तरुण त्यांना मिळाला. त्याने हातोड्या, खिळे ठोकलेली दंडुकी आणि ड्रिल मशीन यांची जी करामत केली ती बघून आजही पोटात गोळा येतो. पुढे 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला'च्या मेकअपसाठी ऑस्कर मिळालेल्या त्रयीत तो होता. ड्रिलचा प्रसंग सावकाश बघा. पाना-हातोडी घेऊन फिरणाऱ्या बिल नावाच्या कामगाराचा खून. ड्रिल मागून डोक्याला लागतं. किती शॉट आहेत ते मोजा, आणि प्रत्येक शॉटमध्ये खरं डोकं आहे की नकली ते ओळखायचा प्रयत्न करा. चेहरा, यंत्र, जखम, पुन्हा चेहरा. मधली जोडणी तुम्ही मनात करता. म्हणजे खर्चिक शॉट एकच लागतो, तोही सेकंद-दीड सेकंदाचा. बाकी सगळं चेहऱ्यावर आणि ड्रिलच्या आवाजावर निभावतं.

रक्त घरी करता येतं. लिक्विड ग्लुकोज, लाल खायचा रंग, रंग गडद व्हायला चिमूटभर कोको किंवा कॉफी. दाट हवं असेल तर थोडं कॉर्नफ्लोअर. आधी कॅमेऱ्यावर आणि त्याच उजेडात तपासा, कारण डोळ्याला लाल वाटलेलं पडद्यावर गुलाबी सरबत दिसतं. ज्या पात्राचा खून आहे त्याचे एकसारखे तीन शर्ट घ्या. हॉस्टेलच्या भिंतीवर किंवा शहाबादी फरशीवर रंग बसला तर रेक्टरांची ओळख तिथेच संपेल. खाली पारदर्शक प्लास्टिक, आणि भिंतीवर उडवायचं असेल तर रंगवलेला प्लायवूड उभा करा. मुंग्या येतील. खरंच येतात, ग्लुकोज आहे ते.

आता समजा सलग तीन आठवडे मिळालेच नाहीत. कुणी इंटर्नशिपला, कुणी गावी. तर दुसरं उदाहरण घ्या, ते तुम्ही ऐकलेलं असेल: ख्रिस्तोफर नोलनचा पहिला सिनेमा 'फॉलोइंग', 1998 चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नोलन इंग्रजी साहित्य शिकला, फिल्म सोसायटीत रमला, आणि त्याच गोतावळ्यातून हा सिनेमा उभा राहिला. त्यामुळे काटेकोरपणे तो फिल्म स्कूलचा नाही, पण जात तीच. खर्च सुमारे 6,000 डॉलर, त्यातला मोठा वाटा कच्च्या फिल्मचा. कृष्णधवल, 16 एमएम. सगळे नोकरी करणारे, म्हणून शूटिंग फक्त शनिवारी, जवळजवळ वर्षभर. एका दिवसात दहा-पंधरा मिनिटांचं फुटेज. 16 एमएमचा चारशे फुटी रोल अकरा मिनिटांत संपतो, म्हणजे हिशोब लक्षात येईल. पहिला किंवा दुसरा टेक ओके व्हायलाच हवा. त्यासाठी नाटकासारख्या भरपूर तालमी केल्या. आपल्याकडे एकांकिकांच्या स्पर्धा गाजवणारी पोरं आहेत, त्यांना ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. 'पुरुषोत्तम'ला उतरलेल्या कुठल्याही ग्रुपला विचारा, जागेवर न थबकता चाळीस मिनिटं सलग उभं राहायचं म्हणजे काय ते सांगतील. तुमच्या नटांची निवड तिथूनच करा, इन्स्टाग्रामवरून नको.

'फॉलोइंग'मधला एक प्रसंग जवळून पाहू. कॉब नावाचा सफाईदार चोर नायकाला पहिल्यांदा चोरीला घेऊन जातो. एक साधं घर. कॉबला पैशात फारसा रस नाही. त्याला हवा असतो तो डबा, ज्यात माणूस आपली फोटो, पत्रं असली खासगी चीजवस्तू जपून ठेवतो. त्याच्या मते असा डबा प्रत्येकाकडे असतो. तो शोधून कॉब उलटा करतो, आणि चोरी झाल्यामुळेच माणसाला आपल्याकडे काय होतं ते कळतं असं काहीसं तत्त्वज्ञान ऐकवतो. तेवढ्यात घरातली माणसं परत येतात. आता मोजा: दोन नट, एक खोली, खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड, एक डबा, आणि शेवटी दारात दोन माणसं. खर्च काय आहे यात? पण दुसऱ्याच्या घरात, त्याच्या खासगी वस्तूंवर अनोळखी हात फिरतोय हे बघताना जी अस्वस्थता येते ती रक्ताच्या बादलीने येत नाही. रात्रीचे दिवे परवडत नसतील तर थ्रिलर दिवसा घडू शकतो, हे त्या प्रसंगातून शिकण्यासारखं आहे.

आणि काळाची उलटापालट. नायक कधी विस्कटलेल्या लांब केसांत, कधी केस कापून सुटात, कधी मार खाऊन सुजलेल्या चेहऱ्याने दिसतो. या तीन अवतारांवरून आपण कुठल्या काळात आहोत ते प्रेक्षकाला कळतं, पाटी लावावी लागत नाही. वर्षभर तुकड्या-तुकड्यांनी शूट करणाऱ्याला हे किती सोयीचं आहे बघा. जे तुकडे आहेत ते तुकडे म्हणूनच दाखवले. फक्त एक सावधगिरी: ही उलटापालट आधी कागदावर पक्की असली पाहिजे. सरळ गोष्ट शूट करून मग संकलनात 'जरा नॉन-लिनियर करून बघू' म्हणणारी मंडळी माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्याकडे गोष्ट सरळ लावली तर कंटाळवाणी असते आणि उलटी लावली तर कळत नाही.

हा सिनेमा 1999 मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात टायगर अवॉर्ड घेऊन आला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डॉर्मवाल्यांचं तसं झालं नाही. त्यांचा सिनेमा 'डेथ डॉर्म', 'प्रँक्स' आणि 'द डॉर्म दॅट ड्रिप्ड ब्लड' अशा नावांनी फिरत राहिला. ब्रिटनमध्ये तो 'प्रँक्स' म्हणून व्हिडिओवर आला आणि 'व्हिडिओ नॅस्टी'च्या, म्हणजे हिंसक व्हिडिओ कॅसेटींविरुद्ध तिथे उठलेल्या ओरडीच्या, धुमाळीत सापडून सरकारी वकिलांच्या काळ्या यादीत जाऊन बसला. त्याने सिनेमाचं नाव मात्र टिकलं. ओब्रो आणि कार्पेंटर यांनी नंतरही जोडीने सिनेमे केले, आणि कार्पेंटर पुढे 'ग्रिम' या मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक झाला. म्हणजे पहिला सिनेमा अजरामर झाला नाही तरी पोट भरतं, एवढं घरच्यांना सांगायला हरकत नाही.

परवानग्यांचं पटकन सांगतो. कॉलेजची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको, रेक्टर बदलतात. सिनेमाचे हक्क कुणाचे, तुमचे की संस्थेचे, हे अभ्यासक्रमाच्या नियमांत पहा, विशेषतः संस्थेचा कॅमेरा किंवा लाइट वापरणार असाल तर. नकली सुरा-पिस्तूल घेऊन शूट करणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन पोच घ्या. रात्री दोन वाजता गच्चीवरून किंकाळी ऐकून शेजारच्या सोसायटीने 112 लावला, तर ती पोच हाताशी असलेली बरी. थिएटरला लावायचं झालं तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागेल. 2023 च्या दुरुस्तीनंतर 'यूए'मध्येही 7, 13 आणि 16 असे वयाचे थर आले आहेत.

राहता राहिला दीड तासाचा प्रश्न. तो हट्ट सोडा. 'फॉलोइंग' सत्तर मिनिटांचा आहे आणि कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. हिशोब सोपा आहे. नवख्या टीमने दिवसाला चार पानं नीट शूट केली तरी डोक्यावरून पाणी. तीन आठवडे, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे अठरा दिवस आणि बहात्तर पानं. एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. सातवा दिवस झोपेचा, आणि तो कुठल्याही परिस्थितीत शूटिंगला द्यायचा नाही. रात्रपाळीनंतर मोटारसायकलवर घरी जाणाऱ्या झोपाळलेल्या पोरांची काळजी खुनाच्या प्रसंगापेक्षा जास्त घ्या. जेवण वेळेवर आणि गरम द्या. रात्री एक वाजता मिळालेली गरमागरम मिसळ जे काम करते ते दिग्दर्शकाच्या भाषणाने होत नाही.

आणि रेक्टरांना स्क्रिप्ट दाखवावी का, असंही विचारलंय. दाखवा. पूर्ण दाखवा, शेवटासकट. त्यांच्याच हॉस्टेलात कोण कुणाला कुठे मारतंय ते त्यांना पहिल्या शोला कळणं बरं नाही. शिवाय त्या इमारतीतला कुठला जिना रात्री करकरतो हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.